ईजीआरला पत्रा नको, ब्रश लावा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेहापासून मनःशांतीपर्यंत अनेक विषयांवर अभ्यासपूर्ण लेख प्रसिद्ध होत असतात. त्या पंक्तीत मोटारीच्या काजळीवरील लेख काहीसा आगंतुक वाटेल, याची मला जाणीव आहे. तथापि हा विषय वरकरणी गॅरेजचा असला, तरी त्याचे दुसरे टोक माझ्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत येऊन पोहोचते. म्हणूनच तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

आदिलाबादहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर आणि हैदराबाद सुमारे ३००. मुलीचे सासर विदर्भात, मुलाचे शिक्षण हैदराबादेत, आणि गंभीर रुग्ण पाठवावयाचा तोही या दोहोंपैकी एका दिशेला, अशी आपली परिस्थिती. त्यामुळे एके काळी आपल्यापैकी बहुतेकांनी डिझेलच्या गाड्या घेतल्या. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज सहाची मानके लागू झाल्यावर लहान डिझेल मोटारी बाजारातून बहुतांशी नाहीशा झाल्या. परंतु आधी घेतलेल्या गाड्या आजही आपल्या दवाखान्यांच्या आवारात उभ्या आहेत. माझी स्वतःची ‘एपी ०१’ पाटीची गाडी २०१२ सालची आहे आणि ती बदलण्याचा माझा तूर्तास विचार नाही.

या गाड्यांचा एक ठरावीक आजार आहे. सकाळी सुरू करताना इंजिन थरथरते, चढावर ओढ कमी पडते, मागून काळा धूर निघतो आणि एके दिवशी समोरच्या फलकावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गाडी मिस्त्रीकडे नेली की तो क्षणात निदान करतो. आपल्या गावच्या दख्खनी बोलीत ते साधारण असे असते : ‘साब, ईजीआर जाम हो गया. साफ करे तो फिर भरता. पत्रा मार देता हूँ, टेन्शन खतम.’ पत्रा मारणे म्हणजे ईजीआरच्या नळीच्या जोडावर आकाराप्रमाणे कापलेला धातूचा तुकडा बसवून तो मार्ग कायमचा बंद करणे. नव्या गाड्यांत हेच काम लॅपटॉप जोडून, गाडीच्या संगणकातूनही केले जाते. दहा मिनिटांचे काम, खर्च नगण्य, आणि गाडीची ओढ लगेच सुधारते. साहजिकच गाडीचा मालक समाधानाने घरी जातो. आपल्या सहकाऱ्यांपैकी किती जणांच्या गाडीत असा पत्रा आहे, हे मी विचारीत नाही. कित्येकांना ते ठाऊकही नसेल, कारण ‘सर्व्हिसिंग’च्या नावाखाली हे काम न विचारता करून देणारेही आहेत.

हा पत्रा बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोंडलेला ईजीआर साफ करावा. आणि ज्यांच्या हाताला थोडीफार सवय आहे, त्यांनी तो घरीच साफ करावा.

ईजीआर म्हणजे एक्झॉस्ट गॅस रिसर्क्युलेशन. इंजिनाच्या उच्छ्वासाचा काही भाग त्याला पुन्हा श्वासावाटे देण्याची ही योजना आहे. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या रुग्णास कागदी पिशवीत श्वास घ्यावयास लावण्याची जुनी पद्धत आपल्याला आठवत असेल. कल्पना बरीचशी तशीच. ज्वलनकक्षात येणाऱ्या हवेत २१ टक्के प्राणवायू आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा नायट्रोजन निष्क्रिय असतो. परंतु सुमारे १,५०० अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले, की तो प्राणवायूशी संयोग पावू लागतो आणि तापमान वाढेल तसे हे प्रमाण झपाट्याने वाढते. आलेल्या ताज्या हवेत जळून गेलेला वायू थोडा मिसळला, तर प्राणवायूचा अंश कमी होतो, कार्बन डायऑक्साइड व वाफ उष्णता शोषून घेतात आणि ज्योतीचे तापमान उतरते. परिणामी नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. इंजिन आणि त्यावरील भार यांनुसार फरक पडतो. परंतु ही घट निम्म्यापर्यंत किंवा त्याहूनही अधिक असू शकते. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकी मोटारींत ही योजना आली, ती लॉस एंजेलिसच्या धुरक्याला कंटाळून. ते धुरके मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडून तयार होते, हे १९५०च्या सुमारास दाखवून देणारे हागेन-स्मिट हे रसायनशास्त्रज्ञ त्याआधी अननसाच्या सुगंधावर संशोधन करीत होते! विषय कुठला आणि माणूस पोहोचतो कुठे, याचे हे एक उदाहरण. असो.

आता तो कोंडतो का? इंजिनाच्या उच्छ्वासात काजळीचे सूक्ष्म कण असतात, आणि इंजिनाच्या तळाकडून तेलाची वाफही आत घेतली जात असते. गरम वायूतील कण थंड भिंतीकडे सरकतात हा भौतिक नियम आहे. तेव्हा नळीच्या व झडपेच्या थंड पृष्ठभागावर हे कण तेलकट वाफेसह चिकटतात आणि हळूहळू डांबरासारखा थर धरतो. झडप काढून आत पाहिले, तर मूळच्या रुंद नळीत करंगळीएवढी वाट उरलेली असते. आपल्या हृदयरोगतज्ज्ञ मित्रांना ते दृश्य ओळखीचे वाटावे.

इंजिन जितके थंड राहील, तितका हा थर लवकर धरतो. या दृष्टीने डॉक्टरांची गाडी ही सर्वांत वाईट रीतीने वापरली जाणारी गाडी होय. घर ते दवाखाना दोन-तीन किलोमीटर. मध्येच रिम्सची एक फेरी. रात्री अकराला एखादा तातडीचा निरोप, पुन्हा तेवढेच अंतर. इंजिन पुरते तापण्याआधीच बंद होते. एरवी चालक वातानुकूलन सुरू ठेवून आवारात अर्धा-अर्धा तास बसलेला असतो. त्यात आदिलाबादची थंडी. राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी डिसेंबर-जानेवारीत बहुधा आपल्याच जिल्ह्यातून जाते. आठवड्यातून एकदा महामार्गाने पैनगंगेच्या पुलापर्यंत, वरच्या गिअरमध्ये आटोपशीर वेगाने जाऊन आले, तर काजळी साचण्याचा वेग कमी होतो, असा माझा अनुभव आहे. साचणे थांबत मात्र नाही.

मिस्त्रीच्या म्हणण्यावर अन्याय होऊ नये, म्हणून हेही सांगितले पाहिजे की त्याचे बरेचसे बोलणे खरे असते. ईजीआरमुळे इंजिनाच्या श्वासमार्गात काजळी जाते, तेल लवकर काळे होते, ओढीत किंचित फरक पडतो, आणि साफ केलेला ईजीआर काही वर्षांनी पुन्हा भरतो, हे सारे खरे आहे. पत्रा मारला तर इंजिन फुटेल, असे सांगून मी आपल्याला घाबरविणार नाही. नव्या गाड्यांत संगणक रुसून बसतो आणि गाडीची ताकद रोखून धरतो. जुन्या गाड्या मात्र पत्र्यासह वर्षानुवर्षे चालतात. गाडीच्या हिताचाच हिशेब करावयाचा झाला, तर मिस्त्रीची बाजू कमकुवत नाही. परंतु त्या हिशेबात एक खाते धरलेलेच नसते, आणि ते खाते माझ्या विषयाचे आहे.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू बालरोगतज्ज्ञाला परका नाही. नवजात अर्भकाच्या फुप्फुसातील रक्तदाब जन्मानंतरही उतरत नाही, तेव्हा हाच वायू दशलक्षात २० भाग इतक्या अल्प प्रमाणात श्वासावाटे देतात. अमेरिकेत १९९९ मध्ये त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. मोठ्या केंद्रांत हा उपचार चालू असताना नळीला एक संवेदक जोडलेला असतो. तो काय मोजतो? प्राणवायूशी संयोग होऊन तयार होणारा नायट्रोजन डायऑक्साइड. कारण तो फुप्फुसाला दाहक आहे, आणि त्याचे प्रमाण वाढताच आपण उपचार आवरता घेतो. अतिदक्षता विभागात एका बाळासाठी इतकी काळजी घेणारे आपण, शाळेच्या फाटकाशी गाडी उभी करताना तोच वायू शेकडो बाळांच्या नाकाशी सोडतो. मोटारीच्या धुरातील नायट्रिक ऑक्साइडाचे रूपांतर हवेत नायट्रोजन डायऑक्साइडमध्येच होत असते.

लहान मुलांचा श्वास हा मोठ्यांच्या श्वासाची छोटी प्रतिकृती नव्हे. नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेते, आपण १२ ते २० वेळा. वजनाच्या प्रमाणात त्याच्या फुप्फुसातून अधिक हवा खेळते; त्याचे वायुकोश जन्मानंतरही काही वर्षे संख्येने वाढत असतात; आणि चालू लागलेल्या मुलाचे नाक मोटारीच्या धुराच्या नळीपासून फार उंच नसते. दक्षिण कॅलिफोर्नियात १९९३ पासून शाळकरी मुलांच्या फुप्फुसांची मापे घेणारा दीर्घ अभ्यास झाला. २००४ मध्ये त्यातून प्रसिद्ध झालेल्या निबंधात १,७५९ मुलांचा दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मागोवा होता. नायट्रोजन डायऑक्साइड व सूक्ष्म कण यांचे प्रमाण जिथे जास्त, तिथे फुप्फुसांची वाढ खुंटलेली आढळली. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच गटाचा २०१५ सालचा निबंध : तेथील हवा सुधारत गेली, तसतशी पुढच्या पिढ्यांतील मुलांची फुप्फुसे अधिक चांगली वाढली. म्हणजे हे नुकसान अटळ नाही. लंडनमध्ये गजबजलेल्या रस्त्यालगत राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने दगावली. त्याआधीच्या तीन वर्षांत तिला पंचवीसहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले होते. डिसेंबर २०२० मध्ये तेथील न्यायिक चौकशीत, वाहनांच्या धुराने झालेले वायुप्रदूषण हे तिच्या मृत्यूस हातभार लावणारे कारण असल्याचे अधिकृतरीत्या नोंदविण्यात आले.

लंडन आणि आदिलाबाद यांची तुलना होऊ शकत नाही, असे कोणी म्हणेल. ते मान्य. आपल्याकडे घरघर लागलेले मूल येते, तेव्हा मी आधी घरातील चूल, डासांची अगरबत्ती, वडिलांची विडी आणि शेजारी जाळला जाणारा कचरा यांची चौकशी करतो. आणि बहुधा उत्तर तिथेच मिळते. एका गाडीतील एका पत्र्याने एका बाळाला दमा होतो, असा दावा मी करणार नाही. परंतु बाजार समितीच्या आवाराबाहेर कापसाच्या हंगामात लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा, शाळा सुटतानाची गर्दी, आणि हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगत दबून राहणारी हवा, या सर्वांत आपल्या गाडीचा वाटा असतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी मर्यादा ४० मायक्रोग्रॅमवरून १० वर आणली. आपल्या देशाचे २००९ सालचे मानक ४० आहे. या दोन आकड्यांतील अंतर कोणा एकाच्या गाडीने भरून निघणार नाही; पण ते भरावयाचे ते गाड्यांनीच.

‘पण माझ्या गाडीचे पीयूसी प्रमाणपत्र चालू आहे,’ असे उत्तर मला एका स्नेह्याने दिले. याच ठिकाणी सर्वांत मोठा गैरसमज आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमानुसार होणाऱ्या या तपासणीत डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा तेवढा पाहिला जातो. नायट्रोजन ऑक्साइडे तिथे मोजलीच जात नाहीत. ती डोळ्यांना दिसत नाहीत. गंमत अशी की पत्रा मारल्यावर इंजिनाला ताजी हवा अधिक मिळते, काळा धूर कमी होतो, आणि गाडी ही परीक्षा अधिक चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होते. ज्या रुग्णाचा फक्त ताप मोजला, त्याला फक्त तापाचे औषध देऊन घरी पाठवावे, असाच हा प्रकार. मानकांत मात्र नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा आहे : डिझेल मोटारीसाठी भारत स्टेज तीनमध्ये किलोमीटरला ०.५० ग्रॅम, चारमध्ये ०.२५, सहामध्ये ०.०८. गाडी कारखान्यातून बाहेर पडताना ती कसोटी लागते. नंतर कोणी विचारीत नाही.

२०१५ मध्ये फोक्सवॅगन या बलाढ्य कंपनीचे बिंग फुटले ते याच मुद्द्यावर. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती नायट्रोजन ऑक्साइडे आवरून धरणारी संगणकप्रणाली तिने जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत बसविली होती. भारतातही ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या वेळी आपण सर्वांनी कंपनीच्या नावाने बोटे मोडली. तिने लाखो गाड्यांत प्रणालीच्या आडून जे केले, तेच आपला मिस्त्री पत्र्याच्या तुकड्याने एका गाडीत करतो.

आपल्या व्यवसायातील एक उदाहरण देतो. साध्या सर्दीला प्रतिजैविक मागणाऱ्या पालकांना आपण काय समजावतो? तुमच्या मुलाला आज कदाचित काही अपाय होणार नाही, पण औषध निष्प्रभ झाल्याचा भुर्दंड दुसऱ्याच मुलाला पडेल. पत्र्याचे अर्थशास्त्र नेमके हेच आहे. ओढ मालकाला मिळते. धूर मिळतो तो फाटकाशी उभ्या असलेल्याला. एका हाताने नेब्युलायझरचे औषध लिहावयाचे आणि दुसऱ्या हाताने तो पत्रा लावलेल्या गाडीची किल्ली फिरवावयाची, हे निदान आपल्या व्यवसायाला शोभणारे नाही.

आता साफसफाईविषयी. विद्युत झडप नवी बसवावयाची तर कित्येक हजार रुपये लागतात. साफ करण्यास लागतो तो काही शे रुपयांचा ईजीआर किंवा कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा, एक नवे पॅकिंग आणि रविवारची सकाळ. मी गेली काही वर्षे हे काम स्वतः करतो. ज्यांनी कधी ना कधी शस्त्रक्रियागृहात मदतनीस म्हणून उभे राहून हूक धरले आहेत, त्यांना ते अवघड जाऊ नये.

गाडी रात्रभर थंड झालेली असावी आणि उघड्यावर उभी असावी. प्रथम बॅटरीची ऋण तार काढावी. मग ईजीआर झडपेभोवतीच्या जोडण्यांची भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घ्यावीत. दोन तासांनी कोणता प्लग कुठे होता, हे स्मरणशक्तीवर सोपवू नये. अनेक गाड्यांत झडप इंजिनाच्या पुढच्या किंवा वरच्या बाजूस, दोन-चार बोल्टांवर बसविलेली असते. हे बोल्ट तापून-निवून जाम झालेले असतात, म्हणून गंज सोडविणारा फवारा तासभर आधी मारून ठेवावा आणि पाना हळूहळू लावावा. बोल्ट तुटला, तर सकाळचे काम संध्याकाळपर्यंत लांबते आणि अखेरीस मिस्त्रीलाच बोलवावे लागते. झडप निघाली की इंजिनाच्या बाजूचे तोंड स्वच्छ कापडाने बुजवावे, जेणेकरून खरवडलेला कार्बन आत पडणार नाही. किती कापडे आत घातली ती मोजावीत आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा मोजावीत. आपल्या शल्यचिकित्सक मित्रांना याचे कारण सांगावयास नको.

खरवडण्यासाठी लोखंडी हत्यार वापरू नये. झडपेच्या बैठकीवर ओरखडा पडला, तर ती नीट मिटत नाही. माझ्या अनुभवात याहून सरस साधन आपल्याच टेबलावर असते, ते म्हणजे लाकडी टंग डिप्रेसर. नळीसाठी बाळाची दूधबाटली धुण्याचा ब्रश आणि कानाकोपऱ्यांसाठी जुना दात घासण्याचा ब्रश. अर्थात हा ब्रश पुन्हा बाटलीकडे जाता कामा नये. फवारा मारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग खरवडावे, पुसावे, पुन्हा फवारावे. तीन-चार आवर्तनांत धातूचा मूळ रंग दिसू लागतो. विजेच्या मोटारीचा भाग वरच्या बाजूस ठेवावा. द्रावक त्यात झिरपता कामा नये, आणि संपूर्ण झडप बुडवून ठेवण्याचा मोह टाळावा. पेट्रोलच्या काही जुन्या गाड्यांत झडप स्वच्छ असते, पण हवेच्या मार्गातील अरुंद छिद्रे बुजलेली असतात. तिथे क्लचच्या जुन्या तारेचा तुकडा फिरवून वाट मोकळी करावी लागते. निघालेला कार्बन आत फुंकून टाकू नये. घरातील व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडाने ओढून घ्यावा. गेल्या वेळी माझ्या गाडीतून जवळजवळ वाटीभर काजळी निघाली.

परत बसविताना पॅकिंग नवेच घालावे, बोल्ट आलटून-पालटून सारखे आवळावेत. गाडी बंदिस्त जागेत सुरू करू नये, हे डॉक्टरांना सांगावे लागू नये. पहिली काही मिनिटे इंजिन अडखळते, थोडा पांढुरका धूर येतो. तो उरलेल्या द्रावकाचा असतो. स्कॅनर असल्यास साठलेली नोंद पुसावी. ईजीआरचा प्रवाह अपुरा असल्याचा संकेत बहुधा ‘पी ०४०१’ असा दिसतो. तोच संकेत काही दिवसांनी पुन्हा आला, तर दोष काजळीत नसून झडपेच्या मोटारीत, संवेदकात किंवा तारांत आहे असे समजून जाणकाराकडे जावे. इंजिन चालू ठेवून हवेच्या मार्गात भरमसाट फवारा मारण्याचा एक सोपा उपाय काही जण सुचवितात. डिझेल इंजिनात तो करू नये. इंजिन त्या द्रावकालाच इंधन समजते आणि बेफाम धावू लागते. मग किल्ली काढली तरी ते थांबत नाही.

हातमोजे आणि मुखपट्टी वापरण्याचा आग्रह मी धरतो. डिझेलचा धूर मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला आहे. त्याच धुराची घट्ट झालेली साय आपण खरवडीत असतो. द्रावक क्लोरीनविरहित घ्यावा. डायक्लोरोमिथेन असलेल्या द्रावकाची वाफ शरीरात गेली, तर यकृतात तिचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते, ही गोष्ट आपण पदव्युत्तर परीक्षेपुरती पाठ केलेली असते. ती येथे उपयोगी पडावी.

आणि उरलेले द्रावक कधीही शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये. या एका वाक्यासाठी मी उरलेला लेख सोडून द्यावयास तयार आहे. स्वयंपाकाचा गॅस घरोघरी पोहोचल्यापासून माझ्याकडे रॉकेल प्यायलेली मुले कमी येऊ लागली. त्यांची जागा थिनर, टर्पेंटाइन आणि गाडी साफ करण्याच्या द्रावकांनी घेतली. दीड ते तीन वर्षांचे मूल, बाटली ओळखीची, आणि मोठ्यांची पाठ फिरलेली. असे मूल आपल्याकडे आलेच, तर त्याला उलटी करवू नये आणि पोट धुण्याच्या फंदात पडू नये. पोटातील द्रावकापेक्षा फुप्फुसात उतरलेला थेंब घातक असतो. खोकला, श्वासाची गती, प्राणवायूचे प्रमाण पाहावे आणि लक्षणे नसली तरी किमान सहा तास नजरेखाली ठेवावे. आपल्या सामान्य व्यवसायातील काही मित्र पालकांच्या आग्रहाखातर अजूनही नळी घालून पोट धुतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. इंजिन थंड ठेवणारे रंगीत पाणीही असेच. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते आणि मूत्रपिंडे निकामी करते. ज्या गाडीत ईजीआरचा शीतक याच पाण्याशी जोडलेला आहे, तिथे फक्त झडप काढून साफ करावी. शीतक घरी उघडू नये.

हा उद्योग सर्वांनी करावा, असे मात्र मी म्हणत नाही. ज्या गाडीत झडप इंजिनाच्या मागे, हात न पोहोचणाऱ्या जागी आहे, तिथे तो करू नये. २०२० नंतरच्या भारत स्टेज सहाच्या डिझेल गाड्यांत ईजीआरखेरीज काजळी अडविणारी गाळणी असते, आणि काहींत युरियाचे द्रावण फवारून नायट्रोजन ऑक्साइडे निष्प्रभ करण्याचीही योजना असते. युरियाचा हा उपयोग पाहून वृक्कविकारतज्ज्ञांना मौज वाटावी! त्या गाड्यांना घरी हात लावू नये, हमीची मुदत असेल तर मुळीच नाही. ज्यांना वेळ नाही, त्यांनी मिस्त्रीकडेच साफ करवून घ्यावा. पण गाडी देताना स्पष्ट सांगावे की साफ करावयाचा आहे, बंद करावयाचा नाही, आणि जुने पॅकिंग मला परत हवे. डॉक्टरांनी मागितले, तर मिस्त्री तसे करून देतात. आमच्या भागातील एक मिस्त्री आता न सांगता विचारतो, ‘साब, आपका तो साफ करना है ना?’ आधी पत्रा बसलेला असेल, तर तो काढून, झडप साफ करून, मार्ग पूर्ववत करता येतो; पत्रा काढावयास बसविण्याइतकाच वेळ लागतो.

मंडळाच्या कोजागरीच्या मेळाव्यानंतर येणाऱ्या रविवारी मी माझ्या गाडीची झडप पुन्हा काढणार आहे, थंडीपूर्वी. ज्या सहकाऱ्यांना हे काम प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, त्यांनी सकाळी आठच्या सुमारास माझ्या घरी यावे. दहा नंबरचा पाना, फवारा आणि टंग डिप्रेसर माझ्याकडे आहेत. पॅकिंग ज्याने-त्याने आपल्या गाडीच्या मापाचे आणावे, आणि दूधबाटलीचा ब्रशही आपापला.